वसईच्या लग्नात ऐकलेला प्रश्न

मैत्रिणींनो, लग्नसराई तोंडावर आली की घराघरांतून याद्यांना ऊत येतो. हॉल, जेवणाचा बेत, मानापानाच्या साड्या, रुखवत, मेंदीवाली, फोटोवाला, बँड. कुणाला बिनसाखरेचा चहा आणि कुणाची खोली कुणाशेजारी, हेसुद्धा आपण कागदावर उतरवून ठेवतो. पण ज्याच्यासाठी हा सारा पसारा मांडायचा, त्या विधीच्या आरंभी कोणते शब्द उच्चारले जाणार, ते कोण म्हणणार आणि कोणाला ऐकू जाणार, हे कधी कुणाच्या यादीत पाहिलंय तुम्ही? मी तरी नाही. ‘ते गुरुजी बघतील’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो.

एखाद्या लग्न झालेल्या मैत्रिणीला विचारून पाहा, ‘तुझ्या लग्नात आरंभी काय बोललं गेलं गं?’ ती हसेल आणि म्हणेल, ‘शुभमंगल सावधान!’ कारण तेवढंच आपल्या सगळ्यांच्या कानात राहिलेलं असतं. आणि ‘सावधान’ म्हटलं की आठवतात बोहल्यावरून पळालेले समर्थ रामदास. ती आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो, म्हणून सावधान म्हणजे ‘जपून रे बाबा, पुढे धोका आहे’ असाच अर्थ मनात बसलेला. मी आठवड्यातून चार दिवस एका शाळेत मराठी शिकवते. मुलांना शब्दाची फोड करायला सांगते, तशी याही शब्दाची केली तर निघते स + अवधान. म्हणजे लक्ष देऊन, चित्त जाग्यावर ठेवून. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे जे मागितले, तेच हे अवधान. मांडवात गुरुजी घसा फोडून लक्ष मागत असतात, आणि नेमकं त्याच वेळी आपलं लक्ष अक्षतांच्या ताटाकडे, मोबाईलकडे नाहीतर पंगतीच्या पाटांकडे असतं!

या साऱ्याचा विचार करायला मला लावलं ते वसईने. आमच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या एक बाई आहेत, मूळच्या वसईच्या, ख्रिस्ती. त्यांच्या लेकीचं लग्न गेल्या जानेवारीत होतं. ‘दोन दिवस आधी या हं, नुसतं जेवायला येऊ नका,’ असं आग्रहाचं आमंत्रण होतं. घरची व्यवस्था सासूबाईंनी अंगावर घेतली आणि मी निघाले.

आमच्या डोंबिवलीहून वसईला जायचे तर बहुतेक जण दादरचा वळसा घेतात. मी मात्र कोपरला उतरून वरच्या फलाटावरून दिवा-वसई गाडी धरली. या गाड्या दिवसातून मोजक्याच, तेव्हा वेळ आधी विचारून घ्यावी. पण प्रवास मोठा छान. भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र अशी स्टेशने. कुठे गोदामांची रांग, तर कुठे खाडी आणि भाताची खाचरं. डब्यात भाजीवाल्या बायका टोपल्या खाली ठेवून गप्पा मारत होत्या. वसई रोडला उतरल्यावर आधी दिसते ती इमारतींची दाटी. ‘हीच का ती हिरवी वसई?’ असे मनात येते. पण रिक्षा पश्चिमेला समुद्राच्या बाजूस वळली की चित्र पालटत जाते. नारळी, केळीच्या बागा, पानवेली, चाफ्याची झाडं, आणि मधूनच बावखलं. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. वाड्यांना पाणी पुरवणारी ही तळी आता पुष्कळ ठिकाणी बुजली, असे रिक्षावाल्याने हळहळून सांगितले.

वसईचा इतिहास आपण शिकतो तो किल्ल्यापुरता. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. या दोनशे वर्षांत इथले पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. राज्य गेले, पण धर्म राहिला, आणि भाषाही राहिली. आमच्या बाई ज्या समाजाच्या, त्याला कुपारी म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजवरून आला असे सांगतात. पण त्यांची घरची बोली आहे सामवेदी, तिलाच कादोडी असेही नाव आहे. ऐकताना मला निम्मी कळे, निम्मी निसटे. चर्चमधली भाषा मात्र तुमची-आमची मराठी. याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली धाराशिवच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते. संपूर्ण बायबल त्यांनी ‘सुबोध बायबल’ म्हणून मराठीत आणले. २०२४ साली ते गेले, तेव्हा आमच्या बाई आठवडाभर गप्प गप्प होत्या.

बाईंचे गाव निर्मळ, गास, भुईगाव या पट्ट्यात. निर्मळला शंकराचार्यांच्या समाधीचे मंदिर आहे, कार्तिकात तिथे मोठी जत्रा भरते, आणि त्या जत्रेला ख्रिस्ती शेजारीही हौसेने जातात. गासला गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे चर्च. हे संत वसईचेच. १५९७ साली जपानमध्ये नागासाकी इथे त्यांना मारण्यात आले आणि १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. मैल-दोन मैलांत किती काय मांडून ठेवलंय पाहा!

लग्नघरी पोचले तर अंगणात मांडव पडलेला. मागच्या परसात मोठमोठी पातेली चढलेली, बायका कांदे चिरत बसलेल्या. मी शाकाहारी, म्हणून माझ्यासाठी वालाची भाजी वेगळ्या भांड्यात ठेवली होती, आणि त्या भांड्याला कुणी दुसरा डाव लावू नये म्हणून एक चिमुरडी पहाऱ्यावर! रात्री बायकांनी सामवेदीतून लग्नाची गाणी धरली. सूर ऐकले आणि मला थेट आमच्या आत्याच्या हळदीची आठवण झाली. शब्द निराळे, पण लेक सासरी निघाल्याचा कढ तोच.

त्या रात्री मी बाईंच्या आईंजवळ बसले होते. वय पंच्याऐंशीच्या घरात, लाल लुगडं, कानात जुन्या घडणीचं सोनं. मी सहज विचारलं, ‘आजी, तुमच्या लग्नात कसं होतं हो?’ त्या सामवेदीत सांगत होत्या आणि बाई मला मराठीत उलगडून देत होत्या.

‘तेव्हा चर्चमध्ये सगळं लॅटिन. फादर वेदीकडे तोंड करून म्हणायचे. आम्हाला ओ की ठो कळायचं नाही. कधी बसायचं, कधी उठायचं, ते पुढच्या बाईकडे बघून ठरवायचं.’

‘मग लग्नसुद्धा लॅटिनमध्येच लागलं?’

आजी थोड्या थांबल्या. मग म्हणाल्या, ‘नाही. तो एक प्रश्न तेवढा आमच्या भाषेत विचारला. याच्याशी लग्न करायला तू राजी आहेस का, म्हणून. बाकी लॅटिन चाललं, पण हे मला कळलं पाहिजे ना? मी होय म्हटल्याशिवाय लग्न कसं लागणार?’

हे ऐकून मी चकितच झाले. दुसऱ्या दिवशी बाईंच्या नात्यातल्या एका फादरांना विचारलं, तर त्यांनीही दुजोरा दिला. सारी उपासना लॅटिनमध्ये चालण्याची प्रथा शेकडो वर्षांची. १९६३ साली रोममधल्या मोठ्या धर्मसभेने, म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, लोकांच्या भाषांना वाट करून दिली आणि मग मराठीतून उपासना सुरू झाली. पण त्या आधीही वधूवरांची संमती मात्र त्यांना समजेल अशा भाषेतच विचारावी, असा दंडक होता. ‘कारण आमच्यात लग्न फादर लावत नाहीत,’ ते म्हणाले. ‘वधूवर एकमेकांशी लग्न लावतात. फादर साक्षीला असतात.’

आता लग्नाच्या दिवशीचं सांगते. लग्नाआधीच्या रविवारी चर्चमध्ये वधूवरांची नावं जाहीर वाचून झाली होती. कुणाची काही हरकत असेल तर ती वेळेवर कळावी, हा त्यामागचा हेतू. दोघांनी लग्नाच्या तयारीचे वर्गही केले होते. संसारातला पैसा, रुसवेफुगवे, मुलंबाळं यांवर तिथे मोकळेपणाने बोलतात म्हणे. चर्चच्या दारापर्यंत बँड वाजत आला आणि दाराशी थांबला. आत शिरताच काय जाणवलं असेल, तर शांतता. चारशे-साडेचारशे माणसं, पण कुजबुजसुद्धा नाही. लहान मुलं रडली की आया हलकेच उठून बाहेर जात.

आरंभी फादरांनी क्रुसाची खूण केली, वधूवरांचं आणि आलेल्यांचं स्वागत केलं. ते शब्द इतके साधे की आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात शोभावेत. आज आपण कशासाठी जमलो आहोत, या दोघांसाठी आपण काय मागणार आहोत, एवढंच. मग बायबलमधली वाचनं झाली, एक वाचन नवऱ्यामुलाच्या बहिणीने केलं. त्यानंतर सगळे उठून उभे राहिले आणि प्रत्यक्ष लग्नविधीला तोंड लागलं, ते प्रश्नांनी.

तीन प्रश्न. पहिला, तुम्ही दोघं इथे आपखुशीने, कुणाच्या दडपणाशिवाय आला आहात ना? दुसरा, जन्मभर एकमेकांवर प्रेम कराल, एकमेकांचा मान राखाल ना? तिसरा, होणाऱ्या मुलांचा प्रेमाने स्वीकार कराल, त्यांना श्रद्धेत वाढवाल ना? उतारवयात लग्न करणाऱ्यांना हा तिसरा प्रश्न वगळतात, असं मागाहून कळलं. शब्द माझ्या आठवणीतले आहेत, पण आशय हाच.

पहिल्या प्रश्नाला नवऱ्यामुलाने उत्तर दिलं. मग बाईंची लेक. पांढरा पायघोळ झगा, डोक्यावर जाळीदार बुरखा. एरवी शाळेत आईला डबा द्यायला यायची तेव्हा तोंडातून शब्द फुटत नसे, अशी बुजरी मुलगी. तिने मान वर केली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, ‘होय.’ शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. माझ्या शेजारी आजी बसल्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली, जणू काही हिशेब जुळला.

मला काय वाटलं सांगू? पहिल्या क्षणी कौतुक, आणि दुसऱ्या क्षणी थोडी बोच. माझ्या लग्नात मी दिवसभरात काय काय केलं! गौरीहरापुढे बसले, अंतरपाटामागे उभी राहिले, हार घातला, होमाला बसले, सात पावलं चालले. पण मोठ्याने, चारचौघांना ऐकू जाईल असं एक वाक्यही माझ्या तोंडून निघालं नाही. निघायला हवं असं कुणाला वाटलंही नाही, मलासुद्धा.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचा धाकटा भाऊ म्हणाला, ‘चला ताई, तुम्हाला भुईगावचा किनारा दाखवतो.’ सुरूची झाडं, ओली वाळू, होड्या. पण परत येताना त्याने जे सांगितलं, त्याने माझी पावलं थबकली. इथून जवळच्या सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सापडला होता. तो आठव्या लेखाचा. आणि नवव्या लेखाचा तुकडा सापडला १९५६ साली, या भुईगावातच.

घरी आल्यावर मी तो नववा लेख शोधून वाचला. भुईगावचा तुकडा मोडका आहे, पण हाच लेख गिरनारसारख्या ठिकाणी खडकावर कोरलेला असल्याने त्याचा मजकूर माहीत आहे. आणि मैत्रिणींनो, त्या लेखाचा विषय काय असावा? मंगल! लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेची मंगलं करतात, असं अशोक म्हणतो. आणि पुढे म्हणतो की बायका तर असली क्षुल्लक आणि निरर्थक मंगलं फारच करतात!

सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा हा टोमणा वाचून मला हसूही आलं आणि रागही. बायका करतात म्हणे! मांडवात उभं राहायचं आम्ही, उपास धरायचे आम्ही, आणि शब्द मात्र दुसऱ्याचे. ज्याचा अर्थ आम्हाला कुणी सांगितला नाही, ते निरर्थक राहिलं तर त्यात नवल काय? पण पुढचं वाचलं आणि राग निवळला. मंगल करावंच, असं राजाही म्हणतो. फक्त ज्याला फळ येतं ते मंगल करावं. ते कोणतं? दास आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान, जिवांविषयी संयम, दान. म्हणजे मंगल हे तोंडाने म्हणण्यापेक्षा वागण्यात असावं. मंगलाष्टकातला ‘मंगल’ शब्द हाच. जिथे बाईंच्या लेकीने ‘होय’ म्हटलं, त्याच परिसरात तो एके काळी दगडावर कोरलेला होता.

आता तुम्ही म्हणाल, ही वसईला काय जाऊन आली आणि आपल्या पद्धतींना नावं ठेवायला लागली. तसं नाही हं. उलट घरी आल्यावर मी आमच्या गुरुजींना गाठलं आणि आपल्याकडे आरंभी काय म्हणतात ते समजावून घेतलं. आणि काय सांगू, खजिनाच हाती लागला.

मंगलाष्टकांच्या कितीतरी आधी संकल्प असतो. त्यात गुरुजी काय म्हणतात? आधी काळ सांगतात, मग स्थळ. भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर, मग शक, संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग यजमानाचे गोत्र आणि नाव. म्हणजे संकल्प हा एक पत्ताच आहे म्हणा ना! एवढ्या मोठ्या विश्वात, एवढ्या अफाट काळात, आम्ही अमुक माणसं, अमुक नदीच्या काठी, आज हे काम करायला बसलो आहोत. किती नम्र आणि किती सुंदर कल्पना! आणि आपण त्या वेळी नारळ मोजत असतो.

मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात. पहिल्यात गणपतीला वंदन, पुढे एकात गंगा-गोदेसारख्या नद्यांना हाक. साऱ्या नद्यांनी या दोघांचं भलं करावं, अशी मागणी. ‘सावधान’ला एक व्यवहारी बाजूही होती. घड्याळं नव्हती तेव्हा पाण्यात घटिकापात्र सोडत. तळाला भोक असलेली वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं झाली. मुहूर्ताचा क्षण चुकू नये म्हणून सर्वांनी लक्ष ठेवायचं.

आणि प्रश्नोत्तर? तेही आपल्याकडे आहे! कन्यादानाच्या वेळी मुलीचे वडील वराला बजावतात की धर्मात, अर्थात आणि कामात हिचं उल्लंघन करू नकोस. वर तीनदा उत्तर देतो, ‘नातिचरामि’, नाही करणार. म्हणजे वचन आहे, तेही तीनदा. फक्त ते मुलगा मुलीच्या वडिलांना देतो. मुलीला कुणी विचारत नाही आणि तिचं उत्तर कुणी ऐकत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्याच्या लेखी, जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं होतं. पावलं दोघांची, पण तिथेही मंत्र बहुधा वराच्या बाजूचे.

ही उणीव आपल्याच माणसांच्या केव्हाच लक्षात आली होती, बरं का. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्या पद्धतीचा पहिला विवाह झाला. फुल्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, तेही मराठीत. वधू स्त्रियांच्या हक्कांचं विचारते आणि वर वचन देतो. १८७३! माझ्या पणजीच्याही आधीची गोष्ट. पुढे १९७०च्या दशकात पुण्यातच शंकरराव थत्ते यांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीत तर विधी चालू असताना मराठीत अर्थ सांगतात आणि वधूवरांकडून तो म्हणवूनही घेतात. तेव्हा हे खूळ वसईहून आणलेलं नाही. वाट आपल्याकडे आहेच, वर्दळ तेवढी कमी आहे.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने सांगते याला कारण आहे. माझ्या मोठ्या नणंदेची लेक, म्हणजे माझी भाची, येत्या वैशाखात बोहल्यावर चढणार आहे. वसईहून आल्यावर मी तिला बाईंच्या लेकीचं ‘होय’ सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘मामी, मला पण असं विचारायला सांग ना गुरुजींना. मला म्हणायचंय होय. सगळ्यांसमोर.’

नणंदबाई गडबडल्या. ‘अगं, व्याही काय म्हणतील? पसंती तुझीच आहे ना? मग आता मांडवात कसली विचारणा? एखादीने नाही म्हटलं तर?’ भाची शांतपणे म्हणाली, ‘आई, नाही म्हणता आलं पाहिजे, म्हणून तर विचारायचं.’ यावर कुणालाच काही बोलता येईना.

सासूबाई एवढा वेळ वाती वळत बसल्या होत्या. मला वाटलं, आता त्या म्हणणार की आपल्यात असलं नसतं. त्यांचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. मुलाचं नाव त्यांना लग्नाच्या आदल्या आठवड्यात कळलं होतं. हातातली वात पुरी करून त्या लेकीला म्हणाल्या, ‘मला विचारलं असतं तर मी होयच म्हटलं असतं गं. तुझे बाबा देवमाणूस होते. पण विचारायला हवं होतं.’

पन्नास-साठ वर्षांच्या संसारानंतर निघालेलं ते वाक्य. मला वसईच्या आजी आठवल्या. दोघींची वयं जवळपास सारखी, दोघी आपापल्या संसारात सुखी. पण एकीपाशी तिच्या भाषेत विचारलेला एक प्रश्न आहे आणि दुसरीपाशी तो नाही.

गुरुजींना विचारलं तर ते आनंदाने तयार झाले. म्हणाले, ‘मुहूर्ताला धक्का न लावता अंतरपाट धरायच्या आधी विचारू. शास्त्राला त्याची अडचण नाही, मीच आधी बोलणार होतो, पण लोकांना घाई असते.’ व्याह्यांकडे निरोप गेला आहे. विहीणबाई म्हणाल्या, ‘अर्थ सांगा, पण प्रश्नाचं जरा घरात बोलून कळवते.’ हे लिहीपर्यंत त्यांचा होकार आलेला नाही. भाची म्हणते, वाट पाहू. नवऱ्यामुलाने मात्र परस्पर कळवलं आहे की मलाही विचारा, मीही उत्तर देईन.

तुमच्याकडे यंदा कार्य असेल तर एवढं करून पाहा.

याद्यांच्या वहीत एक पान शब्दांसाठी ठेवा. लग्नाच्या महिनाभर आधी वधूवरांना घेऊन गुरुजींकडे तासभर जा आणि संकल्प, मंगलाष्टकं, ‘नातिचरामि’ आणि सप्तपदी यांचा अर्थ विचारून घ्या. गुरुजींना सहसा कुणी विचारत नाही, त्यांनाही बरं वाटतं.

संकल्पाआधी घरातल्याच एखाद्या स्वच्छ आवाजाच्या मुलीने किंवा मुलाने दोन मिनिटं मराठीत सांगावं की आता काय होणार आहे. कागदावर लिहून द्या, म्हणजे भाषण लांबत नाही.

बँडवाल्याला आधीच बजावून ठेवा, ‘आम्ही खूण केल्याशिवाय वाजवायचं नाही.’ नाहीतर शेवटच्या मंगलाष्टकाला तो सलामी देतो आणि शब्द वाहून जातात. ध्वनिक्षेपक गुरुजींपाशी असतो, तसा एक वधूवरांपाशीही ठेवा.

हौशी मंगलाष्टकांना आवर घाला. मामा, काका, आत्या प्रत्येकाने स्वतःचं कडवं म्हटलं की अर्धा तास जातो आणि पोरं अंतरपाटामागे ताटकळतात. दोन हौशी पुरेत.

अक्षता टाकायच्या त्या ‘सावधान’ नंतर आणि हलक्या हाताने. गोळीबार करायचा नाही. तांदूळ पायदळी येतो असं वाटत असेल तर थोड्या अक्षतांत फुलांच्या पाकळ्या मिसळा.

आणि घरात कुणी आजी असतील, तर एखाद्या दुपारी त्यांच्यापाशी बसून विचारा, ‘तुमच्या लग्नात तुम्हाला कुणी विचारलं होतं का हो?’ घाई करू नका. हातातलं काम संपेपर्यंत थांबा. उत्तर येतं.